लो-बेडवर बांधलेल्या पोकलेनच्या साखळ्या दर खेपेला ढिल्या का पडतात?

तक्रार ठरलेली असते. वाघोलीतून किंवा मोशीतून पोकलेन लो-बेडवर, म्हणजे मशीन वाहून नेणाऱ्या ठेंगण्या ट्रेलरवर चढवला, चारही साखळ्या बाइंडरने (साखळी आवळायच्या दांड्याच्या साधनाने) पाइप लावून टणक आवळल्या, गाडी निघाली. तासाभराने रस्त्याकडेला थांबून बघावं तर दोन साखळ्या नुसत्या हाताने हलतायत. ड्रायव्हर पुन्हा आवळतो, पुढच्या थांब्यावर पुन्हा तेच. मालकाला फोन जातो. मालक नवीन बाइंडर आणून देतो, कधी जास्त जाडीची साखळी आणतो. चार खेपा बऱ्या जातात आणि मग परत पहिल्यासारखं.

पुण्याच्या आसपास हे दुखणं जास्त दिसायला कारणही आहे. चाकण-तळेगाव पट्ट्यात जेसीबी, सानी, ह्युंदाई अशा मशीन बनवणाऱ्या कंपन्यांचे कारखाने आहेत, वाघोली-लोणीकंद आणि मोशीला खडी क्रशर आहेत, रिंगरोडची आणि मेट्रोची कामं आहेत, शिवाय गल्लोगल्ली बिल्डरांचे खड्डे. एक मशीन एका साइटवर काही आठवडे टिकतं आणि पुढच्या साइटला जातं. अंतर थोडं असतं. ‘हडपसरला तर जायचंय’ म्हणत घाईत बांधलेलं मशीन हेच बहुतेक वेळा सरकतं. लांबच्या खेपेला, नागपूर-हैदराबादला जाताना, माणूस आपसूक नीट बांधतो.

माझं म्हणणं सरळ आहे. दहातल्या बहुतेक वेळा दोष साखळीत नसतो, ट्रॅकखाली असतो, म्हणजे मशीन ज्या पोलादी पट्ट्यांवर चालतं त्यांच्याखाली. त्यामुळे कितीही जोर लावून आवळलं तरी उपयोग होत नाही, आणि नवी साखळी आणली तरी होत नाही.

याचं कारण साखळीच्या स्वभावात आहे. पोलादी साखळी जवळपास ताणली जातच नाही. दोन-अडीच मीटर लांबीची, १० मिलिमीटर जाडीची साखळी एक टन ओढीने आवळली तर ती जेमतेम दोनेक मिलिमीटर लांबते. म्हणजे आपण घाम गाळून भरलेला सगळा ताण त्या दोन मिलिमीटरांत साठवलेला असतो. मशीन तेवढं खाली बसलं की ताण शून्य. आता ट्रॅकखाली काय असतं ते आठवा. पावसाळ्यात शिरूरकडच्या साइटवरून आलेल्या मशीनच्या पॅडमध्ये, म्हणजे ट्रॅकच्या पोलादी पाट्यांमध्ये, काळ्या मातीचा गोळाच चिकटलेला असतो. क्रशरवरून आलं असेल तर डेकवर, म्हणजे ट्रेलरच्या सपाट पाठीवर, कच सांडलेली असते. ४५ अंशांत बांधलेल्या साखळीखालचं मशीन पाच मिलिमीटर जरी दबलं, तरी साखळी साधारण साडेतीन मिलिमीटर सैल होते. साठलेल्या ताणापेक्षा ते जास्तच झालं. चाकण-शिक्रापूर रस्त्याचे खड्डे आणि दोन-चार स्पीडब्रेकर एवढं काम अर्ध्या तासात करतात.

आधी बघा, मग हात लावा

ढिली साखळी दिसली की पहिला हात बाइंडरला जातो. तो आवरा. आवळण्याआधी कोणती साखळी ढिली आहे आणि कोणती ताठ आहे ते चारही कोपरे फिरून बघा, कारण रोगाचं नाव तिथे लिहिलेलं असतं. एकदा आवळून टाकलं की तो पुरावा गेला.

चारही साखळ्या साधारण सारख्याच सैल झाल्या असतील तर मशीन जागच्या जागी खाली बसलंय. माती दबली, लाकूड दबलं किंवा टायरवरचं मशीन असेल तर टायर दबले. हे त्यातल्या त्यात बरं.

पुढच्या दोन सैल आणि मागच्या दोन तारेसारख्या ताठ असतील, तर मशीन पुढे सरकलंय. ब्रेक मारताना मशीनला पुढे जाण्यापासून अडवतात त्या मागच्या साखळ्या, डेकच्या मागच्या कड्यांना लावलेल्या. त्या मुळात थोड्या सैल राहिल्या, की मशीन आपणहून सरकून त्यांना ताणून घेतं आणि पुढच्या मोकळ्या पडतात. इथे जवळजवळ सगळेच एक गडबड करतात. ढिल्या दिसतात म्हणून पुढच्या साखळ्या आवळतात. त्याने मशीन सरकलेल्या जागीच पक्कं होतं आणि मागच्या साखळ्यांवरचा भार उलट वाढतो. पुढच्या मोठ्या ब्रेकला पुन्हा दोन इंच. असं करत करत ट्रॅक गूजनेकच्या, म्हणजे ट्रेलरच्या पुढच्या उंच भागाच्या, पायरीला जाऊन भिडतो. तोवर मागच्या साखळीच्या हुकाने काय काय सोसलं असतं ते कोणी बघत नाही.

डाव्या दोन सैल आणि उजव्या ताठ, किंवा उलट असेल, तर मशीन आडवं सरकलंय. हे सगळ्यात वाईट. २० टनी वर्गातला पोकलेन ट्रॅकच्या बाहेरच्या कडा धरून साधारण २.८ मीटर रुंद असतो. डेक तीन मीटर रुंद असेल तर दोन्ही बाजूंना मिळून २० सेंटिमीटर उरतात, म्हणजे एका बाजूला वीतभरसुद्धा नाही. तेवढं सरकलं की पॅड डेकच्या बाहेर. आपल्याकडे वाहनाच्या रुंदीची सर्वसाधारण मर्यादा २.६ मीटर आहे, म्हणून हे मशीन रुंदीमुळे आधीच जादा मापाचा माल ठरतं आणि त्याला वेगळी परवानगी लागते. परवानगीत लिहिलेल्या रुंदीपेक्षा माल बाहेर आला तर ती परवानगी कागदच उरते. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर बाजूने बाहेर आलेल्या मालासाठी २० हजार रुपये दंड आहे, वर माल उतरवण्याचा खर्च. पण दंडाचं सोडा, शेजारून जाणाऱ्या दुचाकीवाल्याच्या डोक्याच्या उंचीला तो पॅड असतो.

एकच साखळी सैल आणि बाकीच्या तीन ठीक असतील तरच दोष त्या साखळीत, तिच्या हुकात किंवा बाइंडरमध्ये शोधायचा. आणि फक्त बूमवरची (मशीनच्या लांब हातावरची) किंवा बकेटवरची साखळी सैल झाली असेल तर प्रश्न हायड्रॉलिकचा आहे, ट्रॅककडे बघायचीही गरज नाही.

सरकलं की नुसतं बसलं, याची खात्री करायला एक खडू पुरतो. मशीन बांधून झालं की दोन्ही ट्रॅकच्या पुढच्या टोकाला आणि बाहेरच्या कडेला डेकवर जाड रेघ ओढायची. पावसात ऑइल पेंट वापरायचा. पुढच्या थांब्यावर रेघ आणि पॅड यांच्यात बोट शिरतंय का, एवढंच बघायचं. आमच्या एका ड्रायव्हरने ही सवय लावून घेतली, तेव्हा पहिल्याच पावसाळ्यात कळलं, की ज्या मशीनच्या साखळ्या ‘खराब’ म्हणून बदलल्या होत्या ते मशीन दर खेपेला उजवीकडे सरकत होतं. डेकची उजवी बाजू ग्रीसने माखलेली होती. पाचव्या चाकाला, म्हणजे ट्रेलर जिथे ट्रकला जोडतात त्या तव्याला, ग्रीस लावताना डबा तिथेच ठेवला जायचा. डेक डिझेलने पुसून, कोरडा करून घेतला आणि त्या साखळ्यांची तक्रार बंद झाली.

पकड कुठून येते, त्याचा हिशोब

हा हिशोब एकदा कागदावर करून बघण्यासारखा आहे, कारण त्याशिवाय ट्रॅकखालच्या मातीचं महत्त्व पटत नाही. युरोपात माल बांधण्यासाठी ईएन १२१९५ नावाचं मानक आहे. त्यात रस्त्यावरच्या गाडीसाठी धरलंय, की जोरात ब्रेक मारल्यावर मालाला त्याच्या वजनाच्या ०.८ पट धक्का पुढे बसतो, आणि बाजूला व मागे ०.५ पट. म्हणजे २० टनांचं मशीन ब्रेकच्या क्षणी १६ टन जोराने पुढे जाऊ बघतं.

डेक स्वच्छ आहे आणि ट्रॅकखाली कोरडं लाकूड आहे असं समजा. घर्षण वजनाच्या ०.४ पट धरलं तर ८ टन घर्षणच धरून ठेवतं. उरले ८ टन. ते मागच्या दोन साखळ्यांत वाटले तर प्रत्येकीवर ४. साखळी ४५ अंशांत असेल तर तिची सगळी ओढ आडवी लागत नाही, म्हणून प्रत्यक्षात तिच्यावर येतात साधारण ५.७ टन. ग्रेड ८० ची (हा पोलादाच्या ताकदीचा दर्जा) १० मिलिमीटर साखळी ६.३ टनांची असते. भागलं.

आता तेच मशीन, तोच रस्ता, त्याच साखळ्या. फक्त पोलादी डेकवर पोलादी पॅड आणि मधे ओली माती किंवा कच. घर्षण ०.१ धरा. घर्षणाने धरले २ टन, उरले १४, प्रत्येकीवर ७, आणि कोन धरून १० टन. १० मिलिमीटरची साखळी आता पुरत नाही, आणि १३ मिलिमीटरची १० टनांची साखळीही अगदी काठावर येते. साखळीच्या उभ्या ओढीने पकड थोडी वाढते आणि बाहेरच्या तिरकेपणाने थोडी कमी होते. ढोबळ हिशोबाला दोन्ही सोडून दिलंय. तरी फरक दिसतोच: फावडं, झाडू आणि चार फळ्या यांनी जे काम होतं ते जाड साखळीने होत नाही.

दुकानात साखळी घेताना एक ध्यानात ठेवा. ‘साडेबारा टनाची आहे’ असं सांगतात तो तुटण्याचा भार असतो. बांधण्यासाठी धरायचा भार त्याच्या निम्मा. ग्रेड ८० च्या कड्यांवर ठरावीक अंतराने ८, ८० किंवा ८०० असा ठसा असतो. ठसा नसलेली, चकचकीत मुलामा दिलेली साखळी फाटकाला लावायला ठीक आहे, पोकलेनला नाही.

चढवताना करायची कामं

मशीन रॅम्पवर जाण्याआधीच ट्रॅक साफ व्हायला हवेत. एका बाजूचा ट्रॅक बूमने उचलायचा आणि तो दोन्ही दिशांना फिरवायचा, माती आपोआप पडते, उरलेली फावड्याने. साइटवरचा ऑपरेटर घाईत असतो आणि त्याला हे आपलं काम वाटत नाही. त्याला दादा-भाऊ करून समजवा, पण हे काम साइटवरच करून घ्या. रस्त्यावर पडलेला काळ्या मातीचा गोळा मागच्या दुचाकीसाठी किती वाईट असतो हे पावसाळ्यात नगर रोडवर जाणाऱ्या कोणालाही विचारा.

डेकवर लाकडी फळ्या आडव्या टाकायच्या, गाडीच्या लांबीत नाही. कोरड्या, कठीण लाकडाच्या, आणि डेकला पक्क्या केलेल्या. सुट्ट्या फळीवर ठेवलेलं मशीन फळीसकट सरकतं. लाकडापेक्षा स्वस्त आणि टिकाऊ उपाय पुण्यात सहज मिळतो: क्रशरवरचा जुना कन्व्हेयर पट्टा. दहा-बारा मिलिमीटर जाडीचा, मधे कापडाचे थर असलेला, त्यामुळे तो दबत नाही आणि पकड लाकडाहून चांगली देतो. खराब झालेले पट्टे क्रशरवाले काढूनच टाकतात. ट्रकच्या जुन्या टायरचे तुकडे मात्र टाकू नका. पकड असते, पण ते स्पंजासारखे दबतात-फुगतात आणि दर खड्ड्याला साखळी एकदा सैल, एकदा ताठ होते. अशा झटक्यांनी हूक उघडतात.

मशीन जागेवर आलं की थोडं पुढे-मागे हलवा, म्हणजे ट्रॅकचा झोल जिथे बसायचा तिथे बसतो. जमेल तिथे ट्रॅक गूजनेकच्या पायरीला किंवा तिथे टाकलेल्या जाड लाकडी ठोकळ्याला टेकवून उभा करा. मशीन पुढे जायला जागाच नसेल तर मागच्या साखळ्यांवर भार जवळपास येतच नाही. एक सांभाळायचं, मशीन जितकं पुढे तितकं वजन घोड्याच्या, म्हणजे ट्रेलर ओढणाऱ्या ट्रकच्या, मागच्या एक्सलवर जास्त. अवजड मशीन असेल तर आधी काट्यावर एक्सलवार वजन बघून घ्या आणि मधल्या जागेत लाकूड भरून तफावत काढा.

मग बूम. बूम आणि बकेट हायड्रॉलिकवर अर्धवट धरलेले असताना साखळी टाकली तर ती सैल होणारच. तेल थंड होतं, सिलिंडरच्या सीलमधून थोडं झिरपतं आणि बूम हळूहळू खाली येतो. म्हणून बकेट लाकडावर पूर्ण टेकवायची, इंजिन बंद करायचं, किल्ली चालूवर ठेवून सगळे लिव्हर दोन-चार वेळा हलवायचे. लाइनीत अडकलेला दाब उतरतो आणि जे काही बसायचं ते तिथेच बसतं. त्यानंतर सेफ्टी लिव्हर लावून किल्ली काढायची. वरचा भाग फिरू नये म्हणून मशीनला स्विंग लॉकची पिन असेल तर ती टाका. स्विंगच्या ब्रेकवर भिस्त ठेवू नका. मागचं काउंटरवेट एखाद हात जरी फिरलं तरी डेकच्या बाहेर येतं.

बांधण्याची जागा

मशीनच्या खालच्या चौकटीला बांधायच्या कड्या किंवा भोकं दिलेली असतात. बहुतेक मशीनवर तिथे साखळीच्या हुकाचं चित्रही चिकटवलेलं असतं. साखळी तिथेच लावायची. पॅडमधून ओवलेली साखळी दोन प्रकारे फसवते: पॅडची धार कडीला आडवी चावते, आणि ट्रॅक किंचित फिरला की साखळी आपोआप मोकळी होते. पायरी, हँडल, बूमचा पाइप यांना तर हात लावू नका.

चार कोपऱ्यांना चार स्वतंत्र साखळ्या, प्रत्येकीला आपला बाइंडर. अमेरिकेच्या फेडरल नियमांत १० हजार पौंडांवरच्या, म्हणजे साधारण साडेचार टनांवरच्या मशीनला किमान चार बंध सांगितले आहेत, आणि बूम-बकेटसारखे भाग खाली घेऊन वेगळे बांधायला सांगितलंय. आपल्याकडे अजूनही एकच लांब साखळी मशीनवरून किंवा चौकटीतून आरपार घेऊन दोन्ही बाजूंना ओढतात. ती ढिली पडणारच. भरलेल्या लो-बेडचा डेक उंचवट्यावर वाकतो आणि परत सरळ होतो, आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलेली साखळी त्या प्रत्येक हालचालीला सापडते. शिवाय अशी साखळी एका ठिकाणी सुटली की दोन्ही बाजू गेल्या.

कोन शक्यतो ४५ अंशांच्या आसपास किंवा त्याहून आडवा ठेवा. सरळ खाली ओढलेली साखळी दिसायला घट्ट दिसते, पण पुढे-मागे काहीच धरत नाही, आणि मशीन जेवढं बसेल तेवढी पूर्ण सैल होते. डेकच्या कड्या चुकीच्या जागी असतील तर फॅब्रिकेटरकडून नव्या लावून घ्या. पण त्या चॅसिसच्या मुख्य गर्डरला लागल्या पाहिजेत, पातळ पत्र्याला नाही.

साखळी टाकताना पीळ राहू देऊ नका. पिळलेल्या साखळीत कड्या एकमेकींवर चढून बसतात, रस्त्यावरच्या थरथरीने उलगडतात आणि साखळी बोटभर लांब होते. एकटी साखळी सैल झाली असेल तर बहुतेक वेळा कारण हेच निघतं. हूक कडीत पूर्ण बसलाय ना, टोकावर अडकलेला नाही ना, हे नुसत्या डोळ्यांनी न बघता हाताने चाचपून बघा.

आवळण्यालाही क्रम आहे. एका टोकाच्या दोन्ही साखळ्या पूर्ण आवळून मग दुसऱ्या टोकाला गेलात तर दुसऱ्या आवळताना पहिल्या सैल होतात. आधी चारही हाताने झोल काढून ओढायच्या, मग तिरक्या कोपऱ्यांत, पुढचा डावा-मागचा उजवा असं आळीपाळीने थोडं थोडं आवळत जायचं. रॅचेट बाइंडरने, म्हणजे हँडल पुढे-मागे करत स्क्रू फिरवायच्या बाइंडरने, हे नीट जमतं. लिव्हर बाइंडर एका झटक्यात बसतो, त्यात थोडं थोडं असं काही नसतं, आणि त्याला पाइप लावून ओढलं तर हुकाला किती ताण गेला याचा अंदाजच राहत नाही. उघडताना तोच पाइप तोंडावर येतो. या धंद्यात दात आणि जबडे त्याने गेलेले आहेत. लिव्हर बाइंडर ठेवायचे असतील तर किमान दांडा तारेने बांधा. रॅचेटचं हँडलही उरलेल्या साखळीने गुंडाळून टाका, म्हणजे थरथरीने ते उलटं फिरणार नाही.

सगळं झालं की गाडी रस्त्यावर काढण्याआधी यार्डात एक चक्कर मारा, दोनदा ठामपणे ब्रेक दाबा आणि पुन्हा आवळा. मशीनला जे बसायचं असतं त्यातलं बरंचसं इथेच बसतं. दहा मिनिटांचं काम आहे आणि फार थोडे लोक ते करतात.

रस्त्यात कुठे बघायचं

मघाशी सांगितलेल्या अमेरिकी नियमांतच आणखी एक गोष्ट आहे: बांधलेला माल पहिल्या ५० मैलांच्या आत, म्हणजे ८० किलोमीटरच्या आत, एकदा तपासायचा, आणि पुढे दर १५० मैल किंवा तीन तास, जे आधी येईल ते. आपल्या रस्त्यांना पहिली तपासणी त्याहून पुष्कळ लवकर हवी. मी तर पहिल्या दहा-पंधरा किलोमीटरांतच सांगेन, कारण ताण जातो तो सुरुवातीलाच. आणि किलोमीटर मोजण्यापेक्षा घाट मोजा. उतार सुरू होण्याआधी थांबायचं.

साताऱ्याकडे जाताना खेड शिवापूरचा टोलनाका खंबाटकीच्या आधी येतो, तिथे पुढे-मागे गाडी लावायला जागा मिळते. साताऱ्याकडून पुण्यात येतानाही तिथेच थांबा, कारण पुढे नवा कात्रज बोगदा ओलांडला की नवले पुलापर्यंतचा उतार आहे. त्या उतारावर काय काय झालंय ते पुणेकराला सांगायला नको. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करून सोडायची, मग ब्रेक तापतात, मग लागत नाहीत. लो-बेडवर मशीन असेल तर आधीच खालचा गिअर आणि एक्झॉस्ट ब्रेक. तिथला एक दचका ब्रेक म्हणजे वरच्या हिशोबातले ते १६ टन. मुंबईकडे जाताना घाट लागण्याआधी तळेगावच्या बाजूलाच बघून घ्या. एक्सप्रेसवेच्या कडेला गाडी लावून साखळ्या आवळत बसणं ही जिवाशी गाठ आहे. तपासणी नेहमी रहदारीपासून लांबच्या बाजूने सुरू करायची, आणि रस्त्याकडच्या साखळ्या बघताना क्लीनरला मागे झेंडा किंवा बॅटरी घेऊन उभं करायचं.

टायरवरची मशीन

जेसीबी, ग्रेडर, रोलर यांचं थोडं वेगळं. बॅकहो लोडर, म्हणजे ज्याला आपण जेसीबी म्हणतो तो, साडेसात-आठ टनांचा, त्याला स्प्रिंग नसतात पण टायरच उसळतात. टायर दबला की साखळी सैल. एक्सलला किंवा कंपनीने दिलेल्या कड्यांना बांधा, लोडर बकेट आणि मागचा हात दोन्ही डेकवर टेकवा, चाकांना पुढून-मागून पाचरी मारा. हवा कमी असलेला टायर चढवण्याआधी भरून घ्या, नाहीतर रस्त्यात तोच बसतो. रोलरच्या बाबतीत पोलादी ड्रम पोलादी डेकवर कधीच ठेवू नका, घसरायला याहून सोपी जागा नाही. तिथे कन्व्हेयर पट्टा हवाच. रोलर आणि ग्रेडर मधे वळतात, तिथला लॉक टाकल्याशिवाय साखळीला हात लावू नका. लॉक टाकायचा राहिला तर मशीन मधूनच वाकतं आणि चारही साखळ्या एकदम खोट्या पडतात.

एवढं सगळं करूनही एखादी साखळी सैल होत राहिली, तर आता तिच्याकडे बघायची वेळ आली. व्हर्नियर घ्या आणि कड्या जिथे एकमेकींना घासतात तिथली जाडी मोजा. १० मिलिमीटरची साखळी तिथे ९ मिलिमीटरवर आली असेल, म्हणजे दहा टक्के झिजली असेल, तर ती बाद. एखादी कडी लांबट झालेली, वाकलेली किंवा नटबोल्टने जोडलेली असेल तरी बाद. वेल्डिंग करून जोडलेली ग्रेड ८० ची कडी तर कधीच वापरू नका. उष्णतेने तिचं पाणी उतरलेलं असतं, आणि बाहेरून ते दिसत नाही. हुकाचं तोंड उघडलं असेल तर हूक ठोकून सरळ करू नका, बदला. आणि बाद केलेली साखळी टूलबॉक्समध्ये टाकू नका. गॅसकटरने तिचे तुकडे करून भंगारात द्या, नाहीतर पुढच्या आठवड्यात दुसऱ्या गाडीवर तीच लागलेली दिसेल.